आवक-जावक

ठाण्याला, कोर्ट नाक्यापाशी, दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
कागद आला की आकडा द्यायचा,
कागद गेला की आकडा द्यायचा.
मधल्या काळात तो कुठे असतो
मला ठाऊक नसतं. त्याला रकाना नाही.

वच्छला रंगनाथ वाघचौरे, राहणार इलठणपाडा, दिघा.
पती तुर्भ्याच्या गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन.
तीन माणसं, एक पहार, पहाटेचे सव्वातीन.
अर्जात एवढंच.
बाकीचं ती सांगत आली होती
आधी तुर्भ्याच्या हवालदाराला,
मग वाशीच्या इस्पितळात, ओळख पटवताना,
मग मालकाच्या वकिलाला
(तो आपला वकील नव्हे, हे उशिरा कळलं),
मग बेलापूरला कोकण भवनात, चुकीच्या मजल्यावर,
तिथून बरोबर मजल्यावर,
मग समुपदेशक बाईंना, ज्या भल्या होत्या
आणि ज्यांची बदली झाली,
मग नव्या बाईंना, पहिल्यापासून.

माझ्यासमोर बसली आणि न विचारताच सुरू झाली,
"रात्री डबा घेऊन निघाले..."
पाढे म्हणावेत तसं.
कुठे थांबायचं, कुठे पदर डोळ्याला लावायचा.
मध्येच थांबली.
"मॅडम, इतक्यांदा सांगितलंय
की आता मलाच वाटतं, मी खोटं बोलतेय."

शासन निर्णयात एक शब्द आहे, समन्वय.
अकरा पानांत चौदा वेळा. मी मोजलाय, दुपारी काम नसताना.
पोलीस, आरोग्य, महिला व बालविकास, विधी सेवा,
सगळ्यांनी हातात हात घालायचा.
तिमाही बैठक. चहा, खारी.
मागील इतिवृत्त कायम.
वाघचौरे प्रकरण : पोलीस अहवाल अप्राप्त.
पोलीस म्हणाले, आम्ही पाठवलाय.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

आला होता. आवक क्रमांक चारशे बारा.
सतरा दिवस माझ्याच कपाटात होता,
वाघमारे नावाच्या फायलीत.
अक्षर माझं.

बैठकीत सांगितलं का?
"तपासून कळवते," म्हणाले.
इथे लिहितेय, कारण इतिवृत्तात नाही.

त्या संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर
तिचं सगळं म्हणणं मी एकदाच नीट लिहून काढलं,
चार झेरॉक्स काढल्या, खालच्या टपरीवर, माझ्या पैशांनी,
आणि प्रत्येकीवर वर लाल शाईत :
अर्जदारास घटना पुन्हा विचारू नये.
असं लिहायचा मला अधिकार नाही.
गोल शिक्का मारला. शिक्का काही वाचत नाही.
चार टेबलांनी मान्य केलं.

पैसे आले. थोडे मुलीच्या नावे ठेव, उरलेले खात्यात.
प्रकरण निकाली. मी तशी नोंदही केली.
आठवड्याने ती परत दारात.
"पैसे मिळाले. डबा?"

डबा मुद्देमाल होता. क्रमांक सात.
लाखेचं सील, तुर्भ्याच्या ठाण्यातली खोली,
खटल्याचा निकाल लागेपर्यंत.
निकाल कधी, हे विचारू नये एवढं तिलाही कळत होतं.
"नाही मिळाला तरी चालेल," ती म्हणाली,
"पण कुणी पाहिलं असेल ना आत?
जेवले होते का ते?"

किती कार्यालयं, किती खुर्च्या,
प्रत्येकाने तिलाच विचारलं होतं.
तिचा प्रश्न एवढाच होता,
आणि तो कुठल्याच नमुन्यात नव्हता.

मी फाईल काढली. पंचनाम्याची प्रत, पान तीन.
बोट ठेवून वाचलं :
एक स्टीलचा तीन खणी डबा, जुना वापरता,
झाकणावर रं. वा. अशी अक्षरे, कडी वाकलेली,
आतून रिकामा व धुतलेला.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.
पुन्हा वाचलं.
पलीकडून कुणीतरी शिक्का मागत होतं.
ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली,
मग हलकेच म्हणाली,
"मीठ जास्त पडलं होतं त्या दिवशी.
तरी खाल्लं."